बडी गाय लाईव्ह कसा ऐकायचा: कापसाच्या खोलीतून, नवख्यांसाठी

सगळ्यात आधी नावाचं निस्तरून घेऊ, नाहीतर घरचे सुखानं ऐकू देत नाहीत. बडी गाय म्हणजे मोठी गाय नाही. मी पहिल्यांदा मोबाईलवर जोरात लावला तेव्हा आईनं चुलीपासून विचारलं कोण गाऊन राह्यलं रे, मी म्हटलं बडी गाय, तर म्हणे, "आन् लहानी कोठी बांधली?" तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव गायवाला बुढा पडलं ते पडलंच. खरं नाव जॉर्ज गाय, बडी हे लाडाचं, जन्म ३० जुलै १९३६, गाव लेट्सवर्थ, राज्य लुईझियाना, अमेरिका. माणूस ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी जन्माला घातलेल्या गाण्याचा, पण गिटार असा फाडून वाजवायचा की पुढं रॉकवाल्यांनी त्याच्याकडूनच उचललं. रॉकचा मोठा गिटारवाला जिमी हेंड्रिक्स १९६८ मध्ये न्यूयॉर्कात त्याला ऐकायला येऊन बसला होता, त्याचं चित्रीकरण आहे, आणि इंग्लंडचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन तर उघड उघड त्याला मानतो.

आता हे लिहून राह्यलो ते कोणासाठी, तर ज्यांनी आतापर्यंत डीजे, ऑर्केस्ट्रा, भजन आणि हिंदी गाणी एवढंच ऐकलं आणि मग कधीतरी रीलमध्ये ठिपक्याठिपक्यांची गिटार दातानं वाजवणारा एक म्हातारा पाहून "हे काय बे" झालं, त्यांच्यासाठी. मीही तसाच होतो. यवतमाळ जिल्ह्यातला, पाच एकरवाला, गिटार आजही वाजवता येत नाही. ऐकता मात्र येते, आणि ते शिकायला मला तीन वर्षं लागली कारण सांगणारं कोणी नव्हतं. तुम्ही पंधरा दिवसात शिकाल.

पायरी पहिली: जागा

लोक म्हणतात चांगले हेडफोन घ्या. घ्या, पैसे असतील तर. पण त्याआधी खोली पाहा. आपली घरं म्हणजे वर टिनाचं छप्पर, खाली शहाबादी फरशी, चारही भिंती कोऱ्या, त्यात ब्लूटूथ स्पीकर लावला की आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि गिटार काय, ड्रम काय, सगळं एकमेकात कालवल्यासारखं होतं.

मला जागा सापडली ती नाईलाजानं. २०२३ च्या फेब्रुवारीत बडी गाय मुंबईत आला होता, महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, वय वर्षं ८६. मी जाणार होतो. पण त्या हंगामात तुम्हाला आठवत असेल, आदल्या वर्षी भाव दहा हजाराच्या वर गेलेला पाहून सगळ्यांनी कापूस घरात भरून ठेवला होता, आज चढेल उद्या चढेल, आणि भाव काही हलेना. समोरची अख्खी खोली छताला टेकेपर्यंत कापूस, आम्ही ओसरीत झोपतो, अंगाला खाज, आणि हातात नगद नाही. मुंबई राहिली. कार्यक्रमाच्या रात्री मी रागारागात मोबाईल अन् स्पीकर घेऊन त्या खोलीत गेलो, दार लावून कापसाच्या ढिगावर पडलो आणि त्याचा जुना कार्यक्रम लावला.

आणि काय सांगू. आवाज घुमतच नव्हता. कापूस सगळं पिऊन टाकतो. तार ओढताना बोटाची नखं घासल्याचा आवाज, मागच्या ड्रमवाल्याची झांज हळूच मिटल्याचा आवाज, गाणाऱ्याचा श्वास, सगळं वेगवेगळं, जसं तुरीत हरभरा मिसळला होता तो कोणी निवडून ठेवला. स्टुडिओवाले भिंतींना जाड मऊ थर लावतात ते याच्यासाठीच, आपल्याकडे दर दिवाळीनंतर तो फुकटात घरी येतो. तर पहिली पायरी ही: कापूस घरात असेल तर त्या खोलीत ऐका. नसेल तर गाद्या, रजया, गोधड्या एका लहान खोलीत रचा, तेवढं पुरते. फक्त एक लक्षात ठेवा, कापसाच्या खोलीत मोबाईल चार्जिंगला लावायचा नाही, बोर्डात पिन खुपसायची नाही आणि बिडी पिणाऱ्याला आत घ्यायचा नाही, मग तो कितीही रसिक असो. स्पीकर बाहेर चार्ज करून आत न्या.

डेटाचं सांगतो. रात्री रेंज बरी मिळते, तेव्हा व्हिडिओ उतरवून ठेवा. ऐन गिटार रंगात आलेली आणि मधातच चकरी फिरायला लागली तर पुन्हा कोणी तुमच्यासोबत बसणार नाही.

पायरी दुसरी: माणूस कोण आहे ते माहीत करून घ्या, पण थोडक्यात

हे वगळू नका कारण हा आपल्यातलाच आहे. बडीचा बाप बटईनं शेती करायचा आणि पोरगा कापूस वेचायचा, १०० पौंडाला अडीच डॉलर. १०० पौंड म्हणजे साधारण ४५ किलो. आपल्याकडे वेचणीच्या बाया संध्याकाळी काट्यावर गाठोडं टेकवतात आणि सगळ्यांची नजर काट्यावर, तेच तिकडे. विशेष म्हणजे त्यांचं आपलं नातं जुनं आहे, १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. आपले पणजोबा आणि ज्यांनी पुढं ब्लूज जन्माला घातला ते लोक, एकाच बाजाराच्या दोन टोकांना होते.

घरी गिटार नव्हती, मग त्यानं खिडकीच्या जाळीची तार काढून वाजवायचं काहीतरी बनवलं, आणि मच्छर घरात आले ते वेगळेच. २५ सप्टेंबर १९५७ ला रेल्वेनं शिकागोला पोचला. तिथं उपाशी फिरायची वेळ आली, तेव्हा मडी वॉटर्स या मोठ्या ब्लूजवाल्यानं त्याला सँडविच खाऊ घातलं, ही गोष्ट तो स्वतः सांगतो. पुढं बरीच वर्षं दिवसा टो ट्रक चालवायचा आणि रात्री क्लबात वाजवायचा.

आणि आता लाईव्हच का ऐकायचं ते. त्या काळात चेस नावाच्या कंपनीत तो रेकॉर्डिंगला जायचा, पण स्टेजवर वाजवतो तसं मोठ्यानं, फाडून, तिथं वाजवू देत नव्हते, तो गोंगाट वाटायचा. इंग्लंडच्या पोरांनी तोच गोंगाट करून रेकॉर्डा विकल्या तेव्हा कुठं मालकाला उमगलं. म्हणून त्याच्या त्या दिवसातल्या रेकॉर्डा ऐकून कोणी मत बनवू नये, ती सरकी आहे, रुई स्टेजवर राहिली. नवखे हमखास इथं फसतात, पहिली रेकॉर्ड लावतात, "ठीक आहे" म्हणतात आणि सोडून देतात.

पायरी तिसरी: १२ खाने मोजायला शिका

घाबरू नका, गणित नाही हे. ब्लूजचं एक कडवं बहुतेक वेळा १२ खान्यांचं असतं, दर खान्यात ४ ठोके, झाले ४८. मला इंग्रजी व्हिडिओ पाहून हे समजतच नव्हतं. शेवटी आमच्या गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवणारे एक काका आहेत, तुकडोजी महाराजांची भजनं त्यांच्या हातून ऐकावी, त्यांना कापसाच्या खोलीत आणून बसवलं. काकांनी दोन मिनिटं मांडीवर बोटं वाजवली आणि म्हणे, "हे त कहरवाच हाय लेका, फक्त लंगडून राह्यलं."

आणि तेच खरं. कहरवा ८ मात्रांचा, म्हणजे दोन खान्यांचा एक कहरवा. १२ खान्यात सहा आवर्तनं. लंगडते ते अशासाठी की दर ठोक्याच्या पोटात तीन बारके ठोके असतात आणि मधला गाळून वाजवतात. संथ गाणं असेल तर ते तिन्ही ऐकू येतात, तेव्हा दादऱ्यासारखं झुलायला होतं.

कडव्यात ओळी तीन. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरी वेगळी आणि तिचं यमक जुळवायचं. आमच्या खोलीत त्या दिवशी आम्ही बनवलेलं सांगतो, म्हणून पाहा:

कापूस घरात पडला, भाव काही चढत नाही,
आवो बाई, कापूस घरात पडला, भाव काही चढत नाही,
अंगाले सुटली खाज, जिवाले चैन पडत नाही.

प्रत्येक ओळीला दोन आवर्तनं. पहिल्या आवर्तनात गळा गातो. दुसऱ्यात गळा गप्प आणि गिटार उत्तर देते. भजनात बुवा ओळ सोडतात आणि मागचे टाळकरी उचलतात, तसंच, फक्त इथं बुवाही तोच आणि टाळकरीही तोच. हे एकदा कानात बसलं की अर्धं काम झालं, कारण मग तुम्ही गिटार "ऐकत" नाही, ती काय उत्तर देते याची वाट पाहता. गाण्याचे इंग्रजी शब्द नाही समजले तरी चालते, मला आजही निम्मे समजत नाहीत.

पहिले तीन दिवस फक्त मोजा. बाकी काही पाहू नका. चुकलं की पुन्हा एकपासून.

पायरी चौथी: कोणते कार्यक्रम, कोणत्या क्रमानं

उलट्या क्रमानं जा असं माझं म्हणणं आहे, जाणकार लोक माझ्यावर चिडतील. आधी २०१२ चा व्हाईट हाऊसमधला कार्यक्रम पाहा, २१ फेब्रुवारीचा, त्यात ब्लूजवाला बी. बी. किंग, रॉकवाले मिक जॅगर आणि जेफ बेक आहेत आणि शेवटी बडी गाय खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामांना गायला लावतो. त्याचा स्वभाव कळतो, कोणाच्याही घरात गेला तरी तो चावडीवर बसल्यासारखाच बसतो. मग २००६ ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात रोलिंग स्टोन्स या रॉक बँडसोबत वाजवलं ते, तिथं गाणं संपल्यावर त्यांचा गिटारवाला कीथ रिचर्ड्सनं आपल्या हातातली गिटारच काढून त्याला देऊन टाकली. तो चेहरा पाहा दोघांचाही.

त्यानंतर मागं, १९७४, स्वित्झर्लंडचं माँत्रो, सोबत माउथऑर्गनवाला ज्युनिअर वेल्स. यावर दोन दिवस घालवा. दोघं एकमेकाच्या बोलण्यात बोलतात आणि तरी गोंधळ होत नाही, जशा आपल्या दोन म्हाताऱ्या पारावर बसून एकाच वेळी बोलतात आणि दोघींनाही सगळं कळते. सगळ्यात शेवटी १९६५ चा युरोप दौरा, काळं-पांढरं चित्रण, पोरगा अजून तिशीतही नाही.

पायरी पाचवी: पाहायचं काय

ही खरी पायरी, इथं थांबा.

तार ओढणं. डाव्या हाताचं बोट तारेवर आहे आणि तो ती तार वर ढकलतो, सूर घसरत घसरत वर जातो. आपली मींड. पेटीवर हे होतच नाही, पेटीत एक पट्टी नाहीतर दुसरी, मधलं काही नाही. ब्लूजचा जीव त्या मधल्या जागेत आहे, कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधात कुठंतरी. बडी ती तार पोचवतो, मग थोडी आणखी ढकलतो, नको तिथं, आणि तुम्हाला वाटते तुटली आता.

कुईई. लग्नाच्या मांडवात माईकवाला स्पीकरच्या समोर गेला की कुईई होते आणि सगळे कानावर हात ठेवतात. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये, गोल गोल. बडी गिटार घेऊन मुद्दाम स्पीकरजवळ जातो आणि ती कुईई सुरात पकडतो, धरून ठेवतो, हव्या त्या वेळी सोडतो. आपला मंडपवाला ज्याच्यासाठी शिव्या खातो त्याचं यानं गाणं केलं.

फिरणं. लांब वायर लावून, आता तर वायरही लागत नाही, तो वाजवत वाजवत लोकांत उतरतो, खुर्च्यांमधून, दारापर्यंत, कधी दाराच्या बाहेर. हे तो गिटार स्लिम नावाच्या कलावंताकडे पाहून शिकला. तेव्हा कॅमेरा त्याच्याकडे ठेवतात, तुम्ही मात्र स्टेजवरच्या बँडचं ऐका, मालक दिसत नाही तरी ठेका सुईच्या टोकाइतका हलत नाही.

नखरे. गिटार टॉवेलनं झटकतो, ड्रमच्या काडीनं वाजवतो, पाठीमागे धरतो, पोटाला घासतो. नवख्यांना हेच आवडते, मलाही हेच आवडलं होतं, त्यात लाज नाही, खडी गंमत, म्हणजे आपला वऱ्हाडी तमाशा, पाहायला गेलो तर आधी नाच्याच पाहतो आपण. पण चौथ्या-पाचव्या वेळी नखरा चालू असताना डोळे मिटा. सूर तसाच येतो की नाही ते पाहा. बऱ्याच वेळा येतो, कधी कधी नाही येत, खोटं कशाला बोलू.

आणि गप्प होणं. यासाठी मी हे सगळं लिहून राह्यलो. मोठ्ठा गदारोळ चाललेला असतो आणि तो हात खाली करतो, बँड एकदम बारीक, इतका बारीक की सभागृहातला माणूस खोकला तर ऐकू येते. गिटारीचा एक सूर, मग काहीच नाही. मग एक. ओठ हलतात, माईकपासून दूर जाऊन गातो, नुसता गळा. एकदा मी असाच कार्यक्रम लावला होता आणि आई सरकीची टोपली घ्यायला आत आली, नेमका तो गप्प झाला. ती टोपली कमरेवर घेऊन उभी. तीन-चार ठोके गेले. म्हणे, "थांबला काऊन तो?" आणि तिनं विचारलं तिथंच त्यानं एक सूर टाकला, असा हळू, जसं कोणी दुसऱ्या खोलीतून हाक मारते. आई काही बोलली नाही. टोपली खाली ठेवली आणि ढिगाच्या काठावर बसली, गाणं संपेपर्यंत.

म्हणून मी नवख्यांना सांगतो, स्पीड मोजू नका. आजकालची पोरं एका सेकंदात किती सूर याचाच हिशोब करतात. बडीपेक्षा जोरात बोटं चालवणारे गल्लोगल्ली सापडतील. पण इतका वेळ न वाजवता हजार माणसं धरून ठेवणारा दाखवा. आणि वयाचा फायदा असा की ऐंशीनंतर बोटं जरा मंदावली, पण गप्प बसायच्या जागा वाढल्या. माझ्या मते ७५ ते ८६ या वयातले कार्यक्रम काही बाबतीत १९७४ पेक्षा भारी आहेत. भांडायचं असेल तर घरी या, चहा पाजतो.

पायरी सहावी: काही गोष्टींची तयारी ठेवा

गाणं पूर्ण होईलच असं नाही. तो गाण्यांची यादी ठरवून चढत नाही, मधातच सोडून देतो, दुसऱ्याच्या ढंगात वाजवून दाखवतो, थोडं हेंड्रिक्ससारखं, थोडं जॉन ली हूकर या जुन्या ब्लूजवाल्यासारखं, मग गप्पा मारतो. आणि गप्पांत शिव्या येतात. घरात मोठी माणसं असतील तर आवाज बेतानं, इंग्रजीतल्या असल्या तरी त्या आता सगळ्यांना समजतात.

ठिपक्यांचं विचारतात सगळे. शिकागोला निघताना आईला थाप मारली होती की मोठा झालो की ठिपक्याठिपक्यांच्या कॅडिलॅक गाडीत बसून परत येईन. आई १९६८ मध्ये गेली, गाडी राहिली. म्हणून गिटारीवर ठिपके. हे माहीत झाल्यावर ती गिटार पुन्हा पाहा.

पायरी सातवी: प्रत्यक्ष

बडीनं २०२३ मध्येच निरोपाचा दौरा काढला, त्यामुळे तो पुन्हा इकडे येईल याच्यावर मी कापूस लावणार नाही. शिकागोत त्याचा स्वतःचा क्लब आहे, लेजंड्स, १९८९ पासून, जानेवारीत तिथं तो वाजवत आला आहे, कोणाचा पाहुणा तिकडे असेल तर कामाला लावा. आपल्यासाठी मुंबईचं फेस्टिव्हल, फेब्रुवारीत भरत आलं आहे. शिलाँगचा ब्लूज बँड सोलमेट, ते तिथं वाजवून गेले आहेत, त्यांची गिटार ऐका, रूडी वालांग. आणि किंगफिश इन्ग्रमचं नाव लिहून ठेवा, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा, १९९९ चा जन्म, बडीनं हात धरून पुढं आणलेला गिटारवाला पोरगा.

जायचं कसं: वर्धा किंवा बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी दादर, तिथं पूल ओलांडून पश्चिम लाईनची लोकल, वांद्रे. रिझर्वेशन आधी करा, फेब्रुवारीत लग्नं असतात. स्टुडिओत उभं राहून ऐकायची तयारी ठेवा, चप्पल नको, बूट घाला. पुढं घुसू नका, मधोमध किंवा आवाजाचं मशीन सांभाळणारा माणूस बसतो त्याच्या आसपास राहा, सगळ्यात चांगलं तिथंच ऐकू येते, कारण तो त्याच्या कानानं जुळवतो. मोबाईल एका गाण्यापुरता वर, नंतर खिशात. आणि वाजवणारा गप्प झाला की ओरडायचं नाही, शिट्टी मारायची नाही, बाजूच्याला "संपलं का" विचारायचं नाही.

आणि निघायच्या आधी फरदड, म्हणजे हंगामाच्या शेवटाचा कापूस, विकून टाका. मी पुन्हा भावासाठी थांबणार नाही.